पेढे नंतर, आधी हिशेब

पेढे त्या टेबलावर ठेव आणि समोर बस. अभिनंदन वगैरे मी आत्ता करणार नाही. गाडी घेतलीस, छान केलंस. ऐपत आहे, घ्यावी. पण चपला काढता काढता जे वाक्य टाकलंस ना, "बाई, सुटलो एकदाचा लोकलमधून, आता डोंबिवली ते बीकेसी आपल्या गाडीने", त्याच्याबद्दल मला बोलायचंय. आणि मी बोलत असताना तो मोबाइल उपडा ठेव.

शाळेत तुला गणित येत नव्हतं असं नाही. तुला मांडणीचा कंटाळा होता. उत्तर आधी लिहायचं आणि मग त्याला जुळतील अशा पायऱ्या वर कोंबायच्या, ही तुझी खोड. चाळिशी उलटली तरी ती गेली नाही. गाडी आधी दारात आणलीस आणि आता कारणं गोळा करतोयस. टोल माफ झाला. एसी आहे. गाणी ऐकता येतात. साहेबांचा फोन निवांत घेता येतो. यातलं एक तरी कारण वेळेवर पोहोचण्याचं आहे का? गाणी ऐकायला घरातली आरामखुर्ची पुरते, त्यासाठी शीळफाट्यापर्यंत जावं लागत नाही.

टोलचंच घेऊ, कारण ते तू दोनदा सांगितलंस. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल गेला, कबूल. एका खेपेचे पंचेचाळीस रुपये होते ते. म्हणजे पंचेचाळीस रुपये वाचतात म्हणून काही लाखांचं कर्ज काढलंस. आणि टोल काय एकट्या तुलाच माफ झाला? तुझ्यासारख्या प्रत्येकाने तीच बातमी वाचली आणि शोरूम गाठली. नाक्यावरची रांग गेली, ती चार सिग्नल पुढे जाऊन उभी राहिली.

आता रस्ता सांग. नाही, मीच सांगते, तू पायऱ्या गाळशील. घरातून निघालास की काटई नाका, तिथून शीळफाटा, मग महापे, ऐरोली, पूल ओलांडून मुलुंड, पूर्व द्रुतगती मार्ग आणि शेवटी चुनाभट्टीचा पूल चढून बीकेसी. यात शीळफाट्याला सकाळी काय असतं? जेएनपीटीचे कंटेनर, शाळांच्या बसगाड्या, कंपन्यांच्या बसगाड्या, मधूनच उलट्या दिशेने घुसणारे रिक्षावाले, आणि कल्याण–शीळ रस्त्यावरच्या मेट्रोच्या कामाचे पत्रे. तिथे एक पोरगा शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन गाड्यांच्या मधून फिरतो. त्याने तुझ्या काचेवर टकटक केली, तू नको म्हणालास, तो पुढच्या दहा गाड्या करून परत आला आणि तू अजून त्याच खड्ड्यापाशी आहेस. हे मी पाहिलंय, भाचीच्या गाडीत मागच्या सीटवर बसून.

माणकोलीचा पूल झाला म्हणशील. झाला, २०२४ मध्ये. पण तो मोठागावातून निघतो, म्हणजे पश्चिमेतून. तू राहतोस पूर्वेला. आधी कोपरचा नाहीतर ठाकुर्लीचा पूल ओलांडून पश्चिमेला जायचं, आणि सकाळी नऊला डोंबिवलीत पूर्वेकडून पश्चिमेला गाडी न्यायची म्हणजे काय, हे जन्माने डोंबिवलीकर असलेल्याला मी समजावू? बरं, गेलास. खाडी ओलांडलीस. उतरतोस कुठे? भिवंडीच्या गोदामांच्या ट्रकांमध्ये. पुढे माजिवडा आहेच. आणि अटल सेतूचं नावही काढू नकोस. तो शिवडीहून न्हावाशेव्याला जातो. डोंबिवलीहून बीकेसीला जायला उरणला वळसा घालणारा माणूस माझ्या वर्गात बसला होता, हे मला चारचौघांत सांगता येणार नाही.

पैशाचं बघू. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर धर. तुझी गाडी रहदारीत लिटरला पंधरा देते, हे तुझंच म्हणणं. मी वाद घालत नाही. सहा लिटर. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर. रोजचे सहाशे झाले. महिन्याचे बावीस दिवस कामाचे. कर. तोंडी कर. तेरा हजार दोनशे, आणि हा खालचा आकडा आहे. यात हप्ता नाही, विमा नाही, बीकेसीतलं पार्किंग नाही, क्लच दाबून दाबून दुखणारा गुडघा नाही. लोकलचा फर्स्ट क्लासचा महिन्याचा पास तुझ्या तीन-चार दिवसांच्या पेट्रोलपेक्षा महाग नाही. सेकंड क्लासचं तर बोलायलाच नको. आणि तीन महिन्यांचा काढलास तर २.७ महिन्यांचेच पैसे पडतात. ही सवलत वर्षानुवर्षं तिथे आहे, आणि तू दर महिन्याला रांगेत उभा राहून एकेक महिन्याचा काढत होतास. का, तर "सगळे तसाच काढतात."

पण पैसा सोडून दे. कमावतोस, उडव. माझा खरा राग तुझ्या त्या चाचणीवर आहे. गाडी घरी आली आणि तू 'ट्रायल' घेतलीस. कधी? रविवारी सकाळी! आणि मला ऐटीत सांगतोस, "बाई, एक तास दहा मिनिटांत पोहोचलो." अरे शहाण्या, रविवारी सकाळी मी बैलगाडीने पोहोचले असते. प्रवासाचं माप आठवड्यातल्या सगळ्यांत वाईट दिवशी घ्यायचं असतं. सोमवार, पाऊस, कुठेतरी कंटेनर बंद पडलेला, आणि दहाला तुझी मीटिंग. त्या दिवशी तू किती वाजता पोहोचतोस ते सांग. सरासरी काढायला मी तुला शिकवली, पण त्याच वेळी हेही सांगितलं होतं की नुसत्या सरासरीने माणूस फसतो. सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत लहान संख्या यांच्यात केवढं अंतर आहे तेही पाहावं. रस्त्याचा तो आकडा एक तास दहापासून पावणेतीन तासांपर्यंत पसरतो. तेवढ्या पसाऱ्यावर दहाच्या मीटिंगला हो म्हणणं म्हणजे रोज सकाळी जुगार खेळणं. लोकल दहा मिनिटं, पंधरा मिनिटं उशिरा धावते, त्यावर तुम्ही सगळे शंख करता. रस्ता तासभर उशीर करतो तेव्हा मात्र "आज जरा ट्रॅफिक होतं" एवढ्यावर भागतं.

म्हणजे तुझं लोकलचं वागणं बरोबर होतं असं समजून खूश होऊ नकोस. तिकडेच येते आहे.

तू दारात लटकत होतास. नाही म्हणू नकोस, तुझ्याच आईने सांगितलं, आणि सांगताना त्या माउलीचा आवाज कापत होता. विचारलं तर तुझं उत्तर ठरलेलं, आत गुदमरायला होतं, दारात हवा लागते. ९ जून २०२५, सोमवार. मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने गेल्या आणि दारांतली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. चार जणांचा जीव त्याच दिवशी गेला. ते कोणी हुल्लडबाज नव्हते, सकाळी डबा घेऊन कामाला निघालेली माणसं होती. आणि हे वळण तुझ्या रोजच्या वाटेवरचं आहे. पूर्वी फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यातून जायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे–दिव्याची पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि फास्ट लोकल मुंब्रा-कळव्यावरून धावू लागल्या. तू किती वर्षं त्या गाडीला लटकलास, आणि गाडी कुठून वळते हे तुला माहीत नव्हतं! पायदानावर उभं राहून प्रवास करणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १५६ खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाचशेच्या दंडाला तू भीक घालणार नाहीस हे मला ठाऊक आहे. मुंब्र्याला तरी घाल.

आणि कशासाठी लटकत होतास? आठ बावन्नच्या फास्टसाठी. मागून आठ अठ्ठावन्नची स्लो येते, डोंबिवलीचीच, इथूनच सुटणारी, तिच्यात निदान उभं राहायला जागा असते. पण स्लोने जाणं म्हणजे कमीपणा! डोंबिवली ते सीएसएमटी पूर्ण अंतराला फास्ट आणि स्लोमध्ये पंधरा-वीस मिनिटांचा फरक आहे. तुला उतरायचं कुर्ल्याला, म्हणजे फरक आणखी कमी. त्या दहा-बारा मिनिटांसाठी तू दोन पावलांवर उभं राहण्याचं एका पावलावर आणलंस. दहा मिनिटं लवकर जाऊन करत काय होतास? कॅन्टीनमध्ये चहा. तेही तुझ्याच बायकोने सांगितलं.

मग काही दिवस उलटं जायचं खूळ. डाऊन गाडीने कल्याण गाठायचं आणि तिथून बसून यायचं. युक्ती वाईट नाही, निम्मी डोंबिवली करते. पण पास कुठून होता तुझा? डोंबिवलीहून. म्हणजे कल्याणपर्यंत तू रोज विनातिकीट होतास, आणि कल्याणचे लोक "आमची जागा अडवतात" म्हणून भांडले की वर त्यांनाच शहाणपण शिकवत होतास. पास कल्याणपासून काढला असतास तर फरक किती पडला असता? मध्येच एसी लोकलचं खूळ निघालं. सेकंड क्लासच्या पासावर एसीत शिरायचं आणि टीसी दिसला की ठाण्याला उतरून जायचं. मध्य रेल्वेच्या रोजच्या अठराशेच्या घरातल्या फेऱ्यांत एसीच्या मोजक्याच. त्यांत पैसे भरून चढलेला माणूस उभा आणि हा फुकट्या गार हवेत दाराला टेकून. तुझ्या आजोबांना मी ओळखत होते. पुढे बोलत नाही.

आता मुद्द्याचं. घोडं पेंड खातं कुठे, हे तू कधी पाहिलंच नाहीस. तुझा सगळा त्रागा गाडीवर. पण डोंबिवली ते कुर्ला फास्टने पाऊण तासाच्या आसपास लागतो आणि तुझ्या प्रवासातला सगळ्यांत भरवशाचा तुकडा तोच आहे. वेळ जातो तो दोन टोकांना. अलीकडचं टोक तुझ्या घराचं. "स्टेशनपासून दहा मिनिटं" अशी जाहिरात वाचून घर घेतलंस. ती दहा मिनिटं बिल्डरच्या गाडीची, मध्यरात्रीची. तुला शेअर रिक्षाच्या रांगेत वीस मिनिटं उभं राहावं लागतं. पण जाहिरातीतली तीच दहा मिनिटं धरून तू घरातून आठ पस्तीसला निघायचास आणि आठ बावन्नची गाडी धरायला जिने उड्या मारत चढायचास. हा रेल्वेचा दोष? सायकल घे. स्टेशनपाशी स्टँड आहे, जुना. तिथे लावायला लाज वाटत असेल तर चालत जा; पोट बघ स्वतःचं.

पलीकडचं टोक कुर्ल्याचं. तिथे पश्चिमेला उतरल्यावर फेरीवाले, चिखल, आणि बीकेसीच्या शेअर रिक्षांसाठी धक्काबुक्की. रिक्षावाला चौघांचे पैसे आधी मागतो, पाचवा बसेपर्यंत हलत नाही. तू रोज तिथे चिडत होतास आणि रोज तिथेच उभा राहत होतास. बेस्टची ३१० बस बीकेसीतून वांद्र्याला जाते हे तुला कंपनीत किती वर्षांनी कळलं? बरं, कुर्ल्याचा कंटाळा आला तर घाटकोपरला उतरता येतं हे तुझ्या डोक्यात कधी आलं? फास्ट तिथे थांबते. वर चढलं की मेट्रो, २०१४ पासून आहे. मरोळ नाक्याला उतरून खालच्या भुयारी मेट्रोत जायचं, ती ऑक्टोबर २०२४ पासून बीकेसीला थेट जाते. नकाशात वळसा दिसतो, मान्य. पैसेही जास्त. म्हणून रोज नको जाऊस. पण ज्या दिवशी पाऊस कोसळतोय, कुर्ल्याच्या रस्त्यावर घोटाभर पाणी आहे आणि रिक्षा ढिम्म, त्या दिवशी तो वळसा सरळ रस्त्यापेक्षा लवकर पोहोचवतो. सुक्या दिवसाचा एक मार्ग आणि ओल्या दिवसाचा दुसरा, एवढं मुंबईत ज्याला ठरवता येत नाही त्याने नकाशाचं ॲप ठेवून करायचं काय?

घरात विचारलं असतंस तरी कळलं असतं. तुझी बायको सीप्झला जाते. घाटकोपरला उतरते, मेट्रोने मरोळ नाका, तिथून दोन स्टेशनं. सूनबाई तुझ्याआधी ऑफिसात असते आणि तुझ्यानंतर निघते. तू तिला म्हणालास म्हणे, "उद्यापासून मी तुला गाडीने सोडतो." ती हसली. त्या हसण्याचा अर्थ तुला अजून लागलेला नाही.

आणखी एक. कामाची वेळ. तुमच्या कंपनीत सकाळी आठपासून अकरापर्यंत कधीही या म्हणतात, हे तूच मागच्या दिवाळीत सांगितलंस, मोठ्या अभिमानाने. मग तू नेमका दहाला पोहोचायचा अट्टहास का करतोस? गर्दी म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी निघणं. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये स्वतःच्या कचेरीत दोन वेळा ठेवल्या, लवकर येणारे वेगळे आणि उशिरा येणारे वेगळे, आणि इतर कचेऱ्यांनाही तसं करायला सांगितलं. बिचाऱ्या कारकुनाला मस्टर असतं, लेट मार्क असतो, त्याची सुटका नाही. तुला सुटका आहे आणि तू ती वापरत नाहीस. पहाटे साडेसहाची गाडी धर, संध्याकाळी पाचला घरी ये, मुलीचा अभ्यास घे. तिचाही हिशेब तुझ्यासारखाच कच्चा आहे, मी पाहिलाय.

रेल्वेला मी पाठीशी घालतेय असं मनात आणू नकोस. पाचव्या-सहाव्या मार्गिकेला किती वर्षं लागली ते या गावाने पाहिलंय. गाड्या पुरत नाहीत, पंधरा डब्यांच्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात, उद्घोषणा तेव्हा होते जेव्हा गाडी दुसऱ्या फलाटावर येऊन उभी असते. यावर बोललंच पाहिजे. पण बोलणार कोण? पत्र लिहिता येतं, माहितीचा अधिकार वापरता येतो, खासदाराच्या कार्यालयात जाऊन दोन शब्द धड बोलता येतात, असा प्रत्येक माणूस हप्ता भरून गाडीच्या काचा वर करून बसला, तर दिव्याच्या फलाटावर उरलेल्यांचं ऐकणार कोण? लोकल सोडलीस त्या दिवशी प्रवासी संघटनेचा ग्रुपही सोडलास, हो ना? तेही मला कळलंय.

बस. एवढं तोंड पाडून बसायला मी काही तुला नापास केलेलं नाही. वही देते. एक पान मध्ये रेघ मारून घे. दाराच्या कुलुपापासून खुर्चीत बसेपर्यंत, प्रत्येक तुकड्याची वेळ वेगळी लिही: घर ते स्टेशन, फलाटावर थांबणं, गाडी, कुर्ल्याचा जिना, बस किंवा रिक्षा. एका बाजूला बरा दिवस, दुसऱ्या बाजूला वाईट. खाली गाडीचंही तसंच, आणि रविवारचा आकडा घातलास तर पान फाडेन. पुढच्या शनिवारी घेऊन ये, मी तपासणार आहे. पास संपला असेल तर जाताना काढ, तीन महिन्यांचा, आणि उलटं जायचं असेल तर कल्याणपासून.

गाडी विक असं मी म्हटलेलं नाही. आईला किती वर्षं टिटवाळ्याला जायचंय. रविवारी ने. लोकलला मेगाब्लॉक असतोच.